डॉइचलांडटिकेट: जर्मनीतल्या एक्स्चेंज वर्षात दहा महिने वापरल्यानंतरचा अनुभव

सप्टेंबर 2024 ते जून 2025 असे दहा महिने मी डॉइचलांडटिकेट, म्हणजे जर्मनीभर चालणारं प्रवासाचं मासिक तिकीट, वापरलं. पहिले चार महिने 49 युरो, जानेवारीपासून 58 युरो, म्हणजे सगळे मिळून 544 युरो. (जानेवारी 2026 पासून ते 63 युरो झालंय.) माझ्या पॉकेटमनीतला सगळ्यात मोठा खर्च हाच होता. थ्युरिंगिया राज्यात, वायमारपासून थोड्या अंतरावरच्या एका लहान गावात मी होस्ट कुटुंबाकडे राहत होते. वय सोळा, इयत्ता दहावी. शाळेत सायकलने जायचे, त्यामुळे तिकीट वापरलं ते जवळजवळ फक्त शनिवार-रविवारी. एक्स्चेंजला निघालेल्या मुलांना आणि त्यांच्या आईबाबांना ते घ्यावं की नाही हा प्रश्न पडतोच. माझं उत्तर: घ्या, पण आल्या आल्या घेऊ नका. मी आल्या आल्या घेतलं होतं, आणि त्याचं काय झालं ते पुढे सांगते.

आधी तिकिटाबद्दल. 2022 च्या जून, जुलै, ऑगस्टमध्ये जर्मनीत महिन्याला 9 युरोंचं तिकीट निघालं होतं. लोकांना ते इतकं आवडलं की 1 मे 2023 पासून कायमचं तिकीट आलं, ते हे. देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, एस-बान (शहरातली लोकल), उ-बान (शहरातली मेट्रो), ट्राम, बस, सगळं यावर चालतं. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या सहसा चालत नाहीत. होस्ट आई सांगायची की आधी दुसऱ्या शहरात गेलं की तिथल्या मशीनसमोर उभं राहून कुठला झोन, कुठलं तिकीट ते शोधत बसावं लागायचं. परक्या भाषेत, मागे रांग लागलेली असताना, हे मला जमलं नसतं. लाइपझिगला उतरून समोर आलेल्या ट्राममध्ये सरळ चढता येणं, हा या तिकिटाचा मला वाटलेला सगळ्यात मोठा गुण. पैशांची बचत त्यानंतर.

हे तिकीट सुटं मिळत नाही, मासिक वर्गणी असते. बहुतेक ठिकाणी बँक खातं लागतं. माझं नव्हतं, म्हणून होस्ट बाबांच्या खात्यातून पैसे जायचे आणि मी त्यांना दर महिन्याला रोख द्यायचे. रद्द करायचं तर त्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे जातात. माझ्याबरोबरच्या एका एक्स्चेंज मुलाचे असेच गेले, तो तेव्हा मायदेशी परतलासुद्धा होता. तिकीट तुमच्या नावावर असतं, दुसऱ्या कुणाला देता येत नाही, आणि सोबत फोटो असलेलं ओळखपत्र लागतं.

फोनवर घ्याल तर पॉवर बँक जवळ ठेवाच. ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी परतताना माझा फोन बंद पडला आणि नेमका तपासनीस आला. तिकीट दाखवता आलं नाही म्हणजे विनातिकीट, दंड 60 युरो. मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये समजावत राहिले, डबा बघत राहिला. घरी आल्यावर होस्ट बाबांनी सांगितलं की नावावरचं वैध तिकीट नंतर दाखवलं तर दंड कमी होतो. तसंच झालं, 7 युरोंवर भागलं. पण तो अर्धा तास मी विसरलेले नाही. दुसऱ्याच महिन्यापासून चिपकार्ड मागवून घेतलं.

आता खरी गोष्ट, जर्मनीतला रविवार. माझ्या पहिल्या रविवारी सकाळी चर्चची घंटा वाजली आणि त्यानंतर काहीच वाजलं नाही. दुकानं बंद. रस्त्यावर कुणी नाही. मदत करावी म्हणून मी रिकाम्या काचेच्या बरण्या घेऊन कोपऱ्यावरच्या कंटेनरमध्ये टाकायला गेले. दोन बरण्या पडल्या असतील, तेवढ्यात शेजारच्या काकू बाहेर आल्या. रविवारी काच टाकायची नसते, आवाज होतो. गवत कापायचं नाही, ड्रिल चालवायचं नाही. मला खूप वाईट वाटलं, आणि मनात आलं की असे चाळीस रविवार इथे कसे काढायचे?

पुढे इतिहासाच्या तासाला कळलं की ही शांतता नुसती सवय नाही, राज्यघटनेत लिहिलेली आहे. 1919 ची राज्यघटना वायमारच्या नाट्यगृहात भरलेल्या राष्ट्रीय सभेने तयार केली. तिच्या कलम 139 नुसार रविवार हा कामापासून विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस, आणि त्याला कायद्याचं संरक्षण. 1949 च्या मूलभूत कायद्याने, म्हणजे जर्मनीच्या आजच्या राज्यघटनेने, हे कलम जसंच्या तसं ठेवलं. ज्या वायमारला मी दर आठवड्याला गाडी बदलायचे, तिथेच माझा रविवार ठरला होता! त्या नाट्यगृहासमोर गटे आणि शिलर या कवींचा जोडपुतळा आहे. हे कळल्यानंतर मी तिथे पायऱ्यांवर बराच वेळ बसले होते.

पण हे कळायला नोव्हेंबर उजाडला. तोवर मी हे तिकीट पळून जाण्यासाठी वापरलं. शनिवारी सकाळी निघायचं, रात्री यायचं, रविवारी पुन्हा निघायचं. एरफुर्टचा घरांनी भरलेला क्रेमरब्रुके हा पूल, येनाचं 1926 पासूनचं तारांगण, संगीतकार बाखचं जन्मगाव आयझेनाख आणि तिथला वरचा वार्टबुर्ग किल्ला, जिथे लपून राहिलेल्या धर्मसुधारक ल्यूथरने बायबलच्या नव्या कराराचं जर्मन भाषांतर केलं. सगळं सुंदर आहे, आणि यातलं मला फारसं काही आठवत नाही. फोटो आहेत. एका शनिवारी एकटीने बर्लिनला जाऊन त्याच दिवशी परत येण्याचा हट्ट केला. एरफुर्टहून आयसीईने पावणेदोन तास लागतात, प्रादेशिक गाड्यांनी जायलाच चार तासांहून जास्त. दिवसातले नऊ तास गाडीत गेले. बर्लिनला मुक्काम करायचा तर एक्स्चेंज संस्थेची लेखी परवानगी लागते, ती मी मागितलीच नव्हती. हे करू नका. या तिकिटाची खरी पल्ल्याची मर्यादा माझ्या मते दोन तास आहे.

दर रविवारी दुपारी तीनला होस्ट आजीकडे कॉफी आणि केक असायचा. सप्टेंबरमध्ये आलुबुखारचा, नंतर सफरचंदाचा. सगळं घर जमायचं, माझी खुर्ची रिकामी असायची. मला कुणी काही बोललं नाही. जर्मन माणसं असं बोलून दाखवत नाहीत, असं मी ठरवून टाकलं होतं.

मग नोव्हेंबरमधला तो रविवार. परतीची गाडी रद्द झाली, फलाटावरच्या पाटीवर फक्त तीन शब्द आले. पुढची गाडी एक तासाने, तीही उशिरा. मी पोचले तेव्हा माझ्या गावची बस नव्हतीच. खरं तर रविवारी आमच्या गावाला बसच नाही, मी स्टेशनला सायकल लावून जायचे, आणि त्या दिवशी पावसामुळे सायकल नेली नव्हती. हीच या तिकिटाची सगळ्यात मोठी उणीव. तिकीट देशभर चालतं, पण बस धावत असेल तरच. शहरात राहणाऱ्याला आणि खेड्यात राहणाऱ्याला एकाच किमतीत दोन वेगळी तिकिटं मिळतात असं म्हणायला हरकत नाही. तुमचं होस्ट कुटुंब कुठे राहतं हे कळलं की आधी रविवारचं बसचं वेळापत्रक बघा आणि मगच वर्गणी भरा.

रात्री दहाला होस्ट बाबा गाडी घेऊन आले. बाहेर धुकं होतं. मी सॉरी म्हणत होते. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "आजी दर रविवारी तुझ्यासाठी केकचा एक तुकडा बाजूला ठेवते. सोमवारी तो मी खातो." एवढंच. मी घरी येईपर्यंत रडत होते.

त्यानंतर मी ठरवलं की शनिवार तिकिटाचा, रविवार घरचा. रविवारी आजीबरोबर थ्युरिंगियाचे क्लोसं (बटाट्याचे गोळे) करायला शिकले. बटाटे बहुतेक कच्चे किसून पिळायचे, थोडे उकडून त्यात मिसळायचे, गोळ्याच्या पोटात पावाचे भाजलेले तुकडे ठेवायचे आणि पाण्यात हलकेच सोडायचे. पाणी उकळत असलं तर गोळे फुटतात. आजी घड्याळ बघत नाही, हाताने ओळखते. माझं जर्मन त्या स्वयंपाकघरात सुधारलं, गाडीत नाही. गाडीत कुणी कुणाशी बोलत नाही.

आणि शनिवार कमी झाल्यामुळे ते नीट वापरले गेले. त्यातले दोन सांगते.

फेब्रुवारीत वायमार स्टेशनवरून 6 नंबरच्या बसने बुखेनवाल्डला गेले. ही बस शहराच्या नेहमीच्या बससारखीच आहे, तिकीट चालतं, स्मारकाला प्रवेश मोफत आहे. एटर्सबेर्ग टेकडीवरची ही छळछावणी 1937 मध्ये सुरू झाली, सुमारे 56,000 माणसं इथे मेली. दारावरचं घड्याळ सव्वातीनला थांबवलेलं आहे, 11 एप्रिल 1945 ला छावणी मुक्त झाली ती वेळ. आत एका ओकच्या झाडाचं खोड आहे. गटे या टेकडीवर फिरायला यायचा, म्हणून कैदी त्याला गटेचा ओक म्हणायचे. टेकडीवरून खाली वायमार जवळच दिसतं, इतकं जवळ. मी होस्ट बहिणीबरोबर गेले होते. परतीच्या बसमध्ये आमच्यासमोर एक बाई भाजीची पिशवी घेऊन बसली होती. आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही. त्या दिवशी दुसरं काहीही ठरवू नका, आणि एकटे जाऊ नका.

दुसरा शनिवार हाले या शहराचा, गाडीने सव्वा-दीड तासांवर. प्रवासाच्या कुठल्याही याद्यांत हाले वर नसतं. मी गेले ते 1698 मध्ये आउगुस्ट हेरमान फ्रांके याने उभारायला सुरुवात केलेल्या अनाथालयासाठी. त्याच्या माळ्यावर जगभरातून आणलेल्या वस्तूंची जुनी खोली आहे, छताला मगर टांगलेली, आणि त्यात भारतातूनही आलेल्या वस्तू आहेत. हालेहून शिकून निघालेले पाद्री 1706 मध्ये तामिळनाडूच्या किनाऱ्यावर त्रांकेबारला पोचले. त्यांच्यानंतरच्या पिढीतला हालेलाच शिकलेला श्वार्त्झ 1750 मध्ये तिकडे गेला, आणि पुढे तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांचा शिक्षक आणि पालक झाला. ज्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही मोडीतले कागद आहेत, तेच सरफोजीराजे! मी तिथल्या काउंटरवरच्या आजोबांना हे सांगायचा प्रयत्न केला. शब्द अडले, पण मी थांबले नाही आणि त्यांनीही शेवटपर्यंत ऐकून घेतलं. एका परक्या गावात, परक्या भाषेत मी आपलं काहीतरी सांगत होते. 544 युरोंतले सगळ्यात सार्थकी लागलेले युरो त्या दिवसाचे.

मार्चपासून हा शनिवार-रविवारचा नियम मीच मोडला, पण या वेळी होस्ट आई आणि होस्ट बहीण सोबत होत्या. थ्युरिंगियाच्या डोंगरमाथ्यावरून रेनश्टाइग नावाची पायवाट जाते, साधारण 170 किलोमीटर. आम्ही ती तुकड्यांत चालायला घेतली. हे तिकीट असल्यावर तुकड्यांत चालणं फार सोपं जातं, कारण जिथे उतरलो तिथे परत यायची गरज नाही, जिथे थांबलो तिथूनच पुढच्या वेळी सुरुवात. इल्मेनाऊमार्गे शनिवार-रविवारी एक गाडी थेट 'रेनश्टाइग' नावाच्याच स्टेशनापर्यंत चढते. वाटेत भेटणारे लोक 'गुट रुन्स्ट' म्हणून अभिवादन करतात, हे फक्त याच वाटेवर. फार चढ नाहीत, पण सावलीत एप्रिलमध्येही बर्फ होता, बूट चांगले हवेत.

या वाटेची एक रीत आहे. सुरुवातीला हॉर्शेलला वेरा नदीतला एक खडा उचलायचा, तो खिशात घेऊन चालायचं आणि शेवटी ब्लांकनश्टाइनला 'झाले' नावाच्या नदीत टाकायचा. खडा मी उचलला होता, चपटा, करडा. सात दिवसांत आम्ही सुमारे 120 किलोमीटर चाललो. मग परीक्षा आल्या, पाऊस आला, जून आला.

4 जूनला मी तिकीट रद्द केलं, 10 तारखेची वाट बघितली नाही. निघायच्या आदल्या दिवशी रविवार होता. आजीने केक केला होता, मी तीनला माझ्या खुर्चीवर होते. जेवणाच्या टेबलावर तो खडा मी होस्ट बहिणीसमोर ठेवला. तिने तो उचलून कपाटात, तिच्या स्वतःच्या तिकिटाच्या कार्डाशेजारी ठेवला आणि म्हणाली की उरलेले पन्नास किलोमीटर ती एकटी चालणार नाही.