रिजनल एअरलाइनच्या पायलट मुलाखतीचं तयारी पॅकेज: मॉक उत्तम, प्रश्नसंच जेटवाल्यांचा

प्रश्नसंच, तासाभराची मॉक मुलाखत आणि दोन तासांचं सिम्युलेटर सत्र, असं हे तीन भागांचं पॅकेज. टर्बोप्रॉप (टर्बाइन इंजिनाने प्रोपेलर फिरवणारी विमानं) चालवणाऱ्या रिजनल एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसरच्या (सहवैमानिकाच्या) जागेसाठी अर्ज करणाऱ्यांकरता ते बनवल्याचा दावा आहे. प्रश्नसंच उघडला की या दाव्यातली हवा निघते. मूळ मजकूर मोठ्या जेटसाठी लिहिलेला, फक्त वेष्टन बदललेलं.

मॅक टक, क्रिटिकल मॅक, डच रोल अशा मुख्यतः जेटशी निगडित विषयांवर पानंच्या पानं आहेत आणि प्रोपेलर जेमतेम दीड पानात उरकलाय. एटीआर ७२ किंवा डॅश ८ या टर्बोप्रॉपवर घ्यायचा उमेदवार समोर असेल तर पॅनेल आधी प्रोपेलरवरच येणार. ऑटोफेदर (इंजिन बंद पडताच प्रोपेलरची पाती आपोआप वाऱ्याला समांतर वळवणं) का लागतं? बंद पडलेल्या इंजिनाचा प्रोपेलर वाऱ्याने फिरत राहिला तर त्याचा ड्रॅग (हवेचा विरोध) प्रचंड असतो, आणि टेकऑफनंतर लगेच हे घडलं तर चढाईच हातची जाते. क्रिटिकल इंजिन (जे बंद पडल्यास विमान सांभाळणं जास्त अवघड जातं ते) कोणतं? दोन्ही प्रोपेलर मागून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरत असतील तर डावं. कारण खाली येणारं पातं जास्त ओढतं आणि उजव्या इंजिनाचं ते पातं धडापासून लांब पडतं, म्हणून डावं बंद पडलं की नाक जास्त जोराने वळतं. संचात उत्तर म्हणून नुसतं ‘डावं’ एवढंच छापलंय. ‘का?’ म्हणून विचारलं की घोकंपट्टी तिथेच उघडी पडते.

होल्डिंगच्या (पुढची परवानगी मिळेपर्यंत हवेत ठरावीक घिरट्या घालण्याच्या) वेगांचा घोळ याहून वाईट. एका ठिकाणी १४,००० फुटांपर्यंत २३० नॉट (तासाला नॉटिकल मैल), दुसरीकडे ६,००० फुटांपर्यंत २०० आणि त्यावर १४,००० पर्यंत २३०. दोन्ही बरोबर आहेत, पण पहिला नियम आयकाओचा (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा) आणि दुसरा अमेरिकेचा, हे कुठेही लिहिलेलं नाही. ज्या एअरलाइनकडे अर्ज केलाय ती कोणत्या नियमांखाली उडते ते पाहून एकच संच पाठ करावा. आळीपाळीने दोन्ही आकडे सांगणारा उमेदवार पुढच्याच प्रश्नात सापडतो.

उताराच्या तोंडी हिशोबाचा भाग मात्र झकास जमलाय. २०,००० वरून २,००० फुटांवर यायचं तर १८ (हजार फूट) गुणिले ३, म्हणजे ५४ नॉटिकल मैल. वेग कमी करायला त्यात आणखी थोडं अंतर धरायचं. तीन अंशांच्या उताराला ग्राउंडस्पीड (जमिनीच्या तुलनेतला वेग) गुणिले ५, म्हणजे २४० नॉटला मिनिटाला १,२०० फूट. मग वारा पाठीमागून वाढवतात आणि आकडा नव्याने काढायला लावतात. हे रोज दहा मिनिटं करण्यासारखं आहे.

पॅकेजचा खरा जीव मॉक मुलाखतीत आहे. घेणारा मधेच तोडतो, आणि तेच हवं. ‘व्ही-वनला (ज्या वेगानंतर टेकऑफ सोडायचा नसतो त्या वेगाला) निर्णय घ्यायचा’ म्हटलं की तो थांबवतो: थांबायचं असेल तर पहिली कृती व्ही-वनपर्यंत सुरू झालेली असली पाहिजे, विचार करायची वेळ त्याआधीच संपते. ४ फेब्रुवारी २०१५ चा ट्रान्सएशिया एअरवेजच्या २३५ क्रमांकाच्या उड्डाणाचा अपघातही चर्चेला घेतात. तैपेईहून निघालेल्या त्या एटीआर ७२ चं दोन नंबरचं इंजिन ऑटोफेदर झालं आणि कॉकपिटमध्ये चालू असलेल्या एक नंबरच्या इंजिनाचा पॉवर लिव्हर मागे ओढला गेला. इथे कोणाची चूक हे ऐकायला कुणी बसलेलं नसतं. आधी दिशा आणि वेग सांभाळणं, मग दोघांनी मिळून इंजिन ओळखणं, लिव्हर हलवण्याआधी दुसऱ्याकडून तोंडी खात्री करून घेणं, हा क्रम उमेदवाराच्या तोंडून येतो का, ते पाहतात. कॅप्टनशी मतभेद झाल्याचा प्रश्नही येतोच. प्रसंग, आपलं काम, केलेली कृती, निष्पत्ती असं उत्तर दोन मिनिटांत बसवून घेतात. लेखी अभिप्राय नेमका असतो, गुळमुळीत नसतो.

सिम्युलेटर स्थिर तळाचा (जागचा न हलणारा), तोही जेटचा. पॉवर वाढवली की टर्बोप्रॉपचं नाक एका बाजूला जातं, पायाने धरावं लागतं. ते इथे कळतच नाही. सत्रात दोन उमेदवार असल्याने प्रत्यक्ष उडवायला एकच तास मिळतो. उरलेला तास शेजारी बसून मॉनिटरिंग करण्यात जातो, पण तो वाया गेला असं समजू नये. पॅनेल शेजारच्याच्या कॉलआउट्सकडेही (ठरलेल्या तोंडी सूचनांकडेही) तितकंच लक्ष देतं. ऑटोपायलट आणि फ्लाइट डायरेक्टर (विमान कसं वळवायचं ते पडद्यावर दाखवणारी खूण) बंद ठेवून ४५ अंशांचे स्टीप टर्न, एक होल्ड, एक आयएलएस (रेडिओ संकेतांवर धावपट्टीकडे उतरत येणं) एवढंच मागून घ्यावं. तासात याहून जास्त कोंबलं की काहीच धड होत नाही.

लॉगबुकबद्दल अक्षरही नाही, ही मोठीच उणीव. पुढच्या पानावर नेलेल्या बेरजा, रात्रीचे तास, एकूण तासांत चुकून मिसळलेले सिम्युलेटरचे तास हे सगळं मुलाखतीआधी स्वतः तपासावं लागतं. अर्जातला आकडा आणि लॉगबुकातला आकडा जुळला नाही तर बाकीच्या तयारीला किंमत उरत नाही.

मॉक आणि सिम्युलेटर वेगळे घेता येतात, तसेच घ्यावेत. मॉकसाठी वेळ ठरवतानाच टर्बोप्रॉप चालवलेला मुलाखतकार मागून घ्या. न मागितल्यास जेटवाला समोर येतो.