आठ महिने एफ१२-बायफेप वापरल्यावर: लिगंड उत्तम, पण बाटलीतून बाहेर काढताना जीव जातो

गेल्या महिन्यात माझा ईई (एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या दोन रूपांपैकी हवं ते रूप किती टक्क्यांनी जास्त आहे याचं माप; शून्य म्हणजे दोन्ही निम्मी-निम्मी) ९८ वरून एकदम ८८ वर घसरला. पुढच्या खेपेला ८१. तोच क्रोमोन आणि त्याला जोडायचं तेच बोरॉनिक ॲसिड, लिगंडची (धातूला धरून अभिक्रियेला एकाच बाजूने वळवणाऱ्या रेणूची) तीच बाटली. दोन्ही रूपं वेगळी करून दाखवणाऱ्या एचपीएलसीवर नको असलेल्या रूपाचं दुसरं शिखर डोकं वर काढताना पाहिलं आणि रागाच्या भरात हा अनुभव लिहायला घेतला. अर्ध्यावर आल्यावर माझं मत बदललं. सुरुवातीचा राग पुसून टाकला नाही, कारण त्यातली एक तक्रार अजूनही कायम आहे.

हायाशी-मियाउरा अभिक्रिया, म्हणजे ऱ्होडियमच्या मदतीने बोरॉनिक ॲसिडमधला ॲरिल (बेन्झीनसारखा) गट हव्या त्या बाजूने जोडणं, इथल्या बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. १९९८ची मूळ पद्धत म्हणजे ऱ्होडियम, बायनॅप हा जुना लिगंड, डायॉक्सेन-पाणी आणि १०० अंश. सायक्लोहेक्झिनोनवर तिचा ईई ९७ येतो, आणि तेवढंच करायचं असेल तर हा महागडा लिगंड घेऊच नका. बायनॅप कपाटात असेल तर तोच वापरा. माझी अडचण क्रोमोनची होती. त्यापासून फ्लॅव्हनोन करायचा, आणि फ्लॅव्हनोनला उष्णता आणि बेस एकत्र सोसत नाहीत. त्याची कडी (अणूंचं वलय) उघडून चाल्कोन होतो, तो पुन्हा मिटतो तेव्हा दोन्ही बाजूंनी मिटतो, आणि मेहनतीने मिळवलेली असममिती पाण्यात जाते. त्यामुळे मला १०० अंश परवडणारे नव्हते.

एफ१२-बायफेपमध्ये दोन फॉस्फरसवर मिळून चार ३,४,५-ट्रायफ्लुओरोफिनाइल गट आहेत, म्हणजे बारा फ्लुओरीन. त्यांच्या ओढीने फॉस्फरसच्या एकाकी जोडीचा (ज्या दोन इलेक्ट्रॉनांनी तो धातूला धरतो त्यांचा) जोर कमी होतो, ऱ्होडियमकडे इलेक्ट्रॉनची चणचण होते, आणि म्हणूनच तो बोरॉनवरचा ॲरिल गट चटकन उचलतो. या अभिक्रियेत बहुतेक वेळा खोळंबा तिथेच असतो. कोरेनागा यांच्या गटाने या लिगंडवर टर्नओव्हर (ऱ्होडियमच्या एका अणूमागे किती रेणू बनतात तो आकडा) ३,२०,००० पर्यंत नेला होता. मी तितक्या लांब गेले नाही. पण माझी अभिक्रिया खोलीच्या तापमानाला तासाभरात संपायची, आणि गरम करावं लागत नसल्यामुळे बोरॉनिक ॲसिड पाण्याशी भांडून वाया जायचं नाही. बायनॅपच्या जुन्या पद्धतीत ते पाच पटीपर्यंत घालावं लागे, इथे दीडपट पुरलं. माझं बोरॉनिक ॲसिड मी स्वतः तीन टप्प्यांत बनवते, त्यामुळे या बचतीचा मला किती आनंद झाला हे ज्याने तीन टप्पे केलेत त्यालाच कळेल. पहिले पाच महिने मी सगळ्यांना हाच लिगंड सुचवत होते.

आता बाटली.

१०० मिलिग्रॅम लिगंड एका रुंद, साध्या काचेच्या बाटलीत येतो. पांढरी, कापसासारखी हलकी भुकटी. झाकण उघडलं की निम्मी भुकटी गळ्याला आणि झाकणाच्या आतल्या चकतीला चिकटलेली दिसते. स्पॅच्युला जवळ नेला की कण उडी मारून दुसऱ्या भिंतीवर जातात. हातमोजा काढला तरी तेच, हवा कोरडी असली की आणखी वाईट. तराजूचा आकडा तर एका जागी ठरतच नाही: ४.४, ४.१, ४.६. मी आठ महिन्यांत या उडणाऱ्या भुकटीशी जितका वेळ घालवला तितका कॉलम चालवण्यात घातला नसेन. लिगंडची किंमत ऱ्होडियमपेक्षा जास्त, आणि तो मी स्पॅच्युलावरून टिश्यूला पुसत होते!

ईई घसरल्यावर पहिला संशय अर्थातच मालावर गेला. वाटलं, फॉस्फीनचं (म्हणजे लिगंडचं) हवेने ऑक्साइड झालं असेल, शिवाय बाटलीत १०० मिलिग्रॅम भरलेच नसतील. पुरवठादाराला लिहिलं. तीन आठवडे तेच ठरावीक उत्तर येत राहिलं की माल बाहेर पडताना योग्य होता, साठवण ग्राहकाची जबाबदारी. मागितलेला बॅचचा फॉस्फरस एनएमआर (फॉस्फरसचे अणू कोणत्या अवस्थेत आहेत हे दाखवणारी तपासणी) शेवटपर्यंत पाठवला नाही.

मग मीच घेतला. शून्याच्या खाली एकच स्वच्छ रेषा. ऑक्साइड असतं तर २५-३०च्या आसपास काहीतरी उगवलं असतं, तिथे सपाट. विचार केला तर यात नवल नाही: ज्या फॉस्फरसची एकाकी जोडी इतकी आवरलेली आहे तो हवेतल्या ऑक्सिजनलाही सहज दाद देत नाही. म्हणजे माल खराब नव्हता, आणि पुरवठादाराशी त्या मुद्द्यावर भांडताना माझीच चूक होती.

खरी गोष्ट दुसरीकडे निघाली. ईई घसरायच्या थोडं आधी मी ऱ्होडियमचा स्रोत बदलला होता. इथिलीनचा डायमर (इथिलीन धरून ठेवलेलं, दोन ऱ्होडियम अणूंचं संयुग) संपला, नवा मागवायचा तर वेळ आणि पैसा, आणि सीओडीचा (सायक्लोऑक्टाडाइनचा) तसाच डायमर कपाटात भरपूर पडून. बायनॅपबरोबर तो कित्येकदा वापरला होता, कधी काही बिघडलं नव्हतं. पण बायनॅप ऱ्होडियमला घट्ट धरतो आणि सीओडीला ढकलून बाहेर काढतो. या लिगंडची पकड मुळात सैल आहे, ज्या गुणासाठी आपण तो विकत घेतो त्याच गुणामुळे. इथिलीन वायू असल्याने सुटला की उडून जातो. सीओडी द्रव, तो फ्लास्कमध्येच घुटमळतो आणि संधी मिळाली की परत जागा बळकावतो.

फॉस्फरस एनएमआरमध्ये हे दिसत नाही. तिथे लिगंड-ऱ्होडियमची सुंदर जोडरेषा दिसते आणि माणूस निश्चिंत होतो. ज्या ऱ्होडियमवर फॉस्फरसच नाही तो तिथे दिसणार कसा? प्रोटॉन एनएमआर घेतला तेव्हा मोकळ्या सीओडीची ५.६ ची खूण होतीच, पण ४.२ पाशी ऱ्होडियमला धरून बसलेल्या सीओडीचा छोटासा फुगवटाही होता. मग लिगंड न घालता नुसत्या सीओडी डायमरवर अभिक्रिया लावली. काही मिनिटांत संपली. ईई शून्य.

आणि इथे ती भुकटी पुन्हा आली. १ मिलिमोलच्या अभिक्रियेत ०.५ टक्का ऱ्होडियम म्हणजे ०.००५ मिलिमोल. लिगंड ऱ्होडियमच्या १.१ पट घ्यायचा तर ४.४ मिलिग्रॅम. त्यातला ०.६ मिलिग्रॅम काठाला आणि स्पॅच्युलाला चिकटून राहिला की फ्लास्कमध्ये ३.८ पोचतो, म्हणजे ०.९५ पट. ऱ्होडियमचा थोडा भाग अनाथ राहतो, आणि तो अनाथ सीओडी-ऱ्होडियम लिगंडवाल्याइतक्याच जोमाने काम करत रेसिमिक (दोन्ही रूपं निम्मी-निम्मी असलेला) माल ओततो. इथिलीन डायमर असताना हीच चूक मी करतच असणार, पण तेव्हा तिची किंमत एवढी मोजावी लागत नव्हती.

आता मी भुकटी तोलतच नाही. बाटली लिगंडसकट तोलते, आतच ऑक्सिजन काढलेलं टोल्यूइन घालते, झाकण लावून गळ्यापर्यंत फिरवते, द्रावण आर्गॉनखाली मापाच्या फ्लास्कमध्ये ओढते, तीनदा खळबळून धुते, आणि रिकामी बाटली वाळवून झाकणासकट पुन्हा तोलते. फरक तोच लिगंड. असं पहिल्यांदा केलं ते नव्या बाटलीवर, आणि आत १०१ मिलिग्रॅम निघाले. कमी भरल्याचा आरोप मी मागे घेतला, तसं पुरवठादाराला लिहूनही कळवलं. पण इतक्या महाग वस्तूला निमुळत्या बुडाची छोटी कुपी द्यायला काय हरकत आहे, हा प्रश्न मी त्याच पत्रात विचारला आणि त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

इथिलीन डायमर नवा मागवला, थंडीत ठेवला, लिगंड १.२ पट केला. त्यानंतरच्या सहा अभिक्रियांत ईई ९७ च्या खाली गेला नाही. सीओडीचा डायमर आता फक्त एचपीएलसीसाठी रेसिमिक नमुना बनवायला वापरते, त्या कामाला तो फार चांगला आहे.