तिकीट, दौलतजादा की दुकान? लाइव्ह ऑडिओवर कमवायचं तर बैठक कुठे मांडायची

ढोलकीच्या फडाला तंबूच्या दारात तिकीट असतं. संगीत बारीत दौलतजादा असतो, म्हणजे लावणी आवडली की माणूस खिशात हात घालतो. आणि तंबूच्या बाहेर रेवड्या विकणारा असतो. त्याला वगाशी काही देणंघेणं नाही, त्याला गर्दीशी आहे. जत्रा संपल्यावर तिघांचे गल्ले मोजले तर पुष्कळदा रेवडीवाल्याचा हिशेब सगळ्यात सरळ निघतो.

लाइव्ह ऑडिओ अ‍ॅपवर, म्हणजे जिथे थेट बोलायचं आणि लोकांनी ऐकायचं अशा अ‍ॅपवर, कमवायचा विचार करणाऱ्यांपुढेही हेच तीन रस्ते आहेत. एक, कार्यक्रमाला तिकीट लावायचं. दोन, श्रोत्यांनी पाठवलेल्या कॉइन, गिफ्ट, सुपरचॅटवर (यूट्यूबवर लाइव्ह चालू असताना पैसे भरून पाठवलेला निरोप) जगायचं. तीन, गप्पा फुकट मारायच्या आणि आपला मूळ धंदा त्यातून वाढवायचा. मी तिसऱ्या रस्त्यावरची आहे. घरोघरच्या जुन्या मोडी कागदांचं लिप्यंतर करून देते आणि आठवड्यातून एकदा त्या कागदांतल्या गोष्टी ऑडिओवर सांगते. त्यामुळे पुढचं सगळं त्या बाजूला थोडं झुकलेलं असणार, हे गृहीत धरूनच वाचा. (सुरुवातीला मी ऑडिओवर मोडी लिपीच शिकवायला निघाले होते. अक्षरं ऐकून शिकता येत नाहीत, हे कळायला मला तीन रविवार लागले.)

आधी थोडं स्मशान

कुठलं अ‍ॅप निवडायचं हे विचारण्याआधी किती गेली ते पाहावं. २०२० साली क्लबहाउस हे फक्त आवाजी गप्पांचं अ‍ॅप आलं, तेही फक्त आयफोनवर आणि आमंत्रण असेल तरच. मे २०२१ मध्ये भारतात अँड्रॉइडवर आलं आणि लॉकडाउनमध्ये घरी बसलेले आपण सगळे रात्री एकपर्यंत बोलायची पाळी मागत ‘हात वर’ करून बसलो. मग प्रत्येक मोठ्या कंपनीला आपला कट्टा हवासा झाला. स्पॉटिफायने ग्रीनरूम काढलं, त्याचं नाव बदलून स्पॉटिफाय लाइव्ह केलं आणि २०२३ मध्ये बंद केलं. रेडिट टॉक त्याच वर्षी गेलं. अ‍ॅमेझॉनचं अ‍ॅम्पही त्याच वर्षी गेलं. फेसबुकने लाइव्ह ऑडिओ रूम २०२१ मध्ये सुरू केल्या आणि दुसऱ्या वर्षी गुंडाळल्या. लिंक्डइनचे ऑडिओ इव्हेंट २०२४ च्या शेवटापर्यंत टिकले. खुद्द क्लबहाउसने एप्रिल २०२३ मध्ये निम्म्याहून जास्त माणसं कमी केली आणि त्याच सप्टेंबरात आपला मोर्चा ओळखीच्यांमधल्या आवाजी निरोपांकडे वळवला.

या यादीतल्या एका ठिकाणी माझेही काही शे फॉलोअर होते. अ‍ॅप गेलं, तसे तेही गेले. माझ्याकडे उरले ते ज्यांनी आधी कधीतरी कागदाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता तेवढेच. म्हणून माझी पहिली कसोटी श्रोत्यांच्या संख्येची नाही. इथून माणूस उचलून माझ्या वहीत आणता येतो का, ही आहे.

एक्स स्पेसेस आणि यूट्यूब लाइव्ह

नवख्याने खरी तुलना करावी ती या दोघांची. स्पेस म्हणजे एक्सवरची, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवरची, थेट आवाजी बैठक. ती उघडायला खर्च नाही. होस्ट, दोन को-होस्ट आणि दहा वक्ते असे एकूण तेरा जण बोलू शकतात, ऐकणारे कितीही. फोनची स्क्रीन बंद करून खिशात टाकला तरी आवाज चालू राहतो, आणि ऑडिओसाठी ही गोष्ट फार मोठी आहे. आपला श्रोता पोळ्या लाटतोय, कर्जत लोकलमध्ये लटकतोय किंवा टेम्पो चालवतोय. त्याचे हात रिकामे नाहीत, म्हणून तर तो ऐकतोय.

यूट्यूबवर नेमकं हेच अडतं. तिथे ऑडिओ म्हणजे एक स्थिर चित्र लावून केलेला व्हिडिओ, आणि श्रोत्याकडे पैसे भरून घ्यायचं यूट्यूब प्रीमियम नसेल तर स्क्रीन बंद झाली की आवाजही बंद. मोबाइलवरून लाइव्ह जायला किमान ५० सबस्क्रायबर लागतात. संगणकावरून ती अट नाही, पण पहिल्यांदा लाइव्ह सुरू करताना २४ तास थांबावं लागतं. मुहूर्त काढून ऐन वेळी चॅनल उघडू नका.

पण यूट्यूबचं जे चांगलं आहे ते स्पेसमध्ये नाही. तिथे कार्यक्रम मरत नाही. ‘वारस नोंद कशी करायची’ हे दोन वर्षांनी शोधणाऱ्यालाही तुमचा जुना लाइव्ह सापडतो. स्पेसचं रेकॉर्डिंग होतं, पण गेल्या महिन्यातली स्पेस मुद्दाम शोधून ऐकणारा मला तरी अजून भेटायचा आहे. स्पेस ही त्या रात्रीची भाजी आहे, यूट्यूब हे लोणचं.

पैशाच्या बाजूने दोघांत तुलनाच नाही. ट्विटर असताना २०२१ मध्ये तिकीट लावलेल्या स्पेसची योजना आली होती, एक डॉलरपासून ९९९ डॉलरपर्यंत. तिची सुरुवात अमेरिकेपुरती होती, आणि आज मराठी होस्टने तिच्या भरवशावर बेत आखण्यात अर्थ नाही. २०२३ मध्ये एक्सने जाहिरातीतला वाटा द्यायला सुरुवात केली. पण त्यासाठी पैसे भरून प्रीमियम घ्यायचं, ५०० फॉलोअर जमवायचे आणि तीन महिन्यांत ५० लाख इंप्रेशन (पोस्ट किती वेळा लोकांना दिसली तो आकडा) मिळवायची, अशा अटी होत्या. हे गणित पोस्ट आणि रिप्लायचं आहे, तुमच्या गळ्याचं नाही. यूट्यूबची वाट रुळलेली आहे. ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत तीन सार्वजनिक व्हिडिओ आणि वर्षभरात ३,००० तास पाहणं, एवढं झालं की सुपरचॅट आणि मेंबरशिप (दरमहा पैसे देणारे सदस्य) उघडते. त्यातले ७० टक्के तुमचे. खात्यात १०० डॉलर साठल्याशिवाय मात्र पैसे हातात येत नाहीत, हे पहिल्या वर्षी जाणवतं.

गिफ्टच्या रूम

शेअरचॅटसारख्या अ‍ॅपवर मराठी चॅटरूम आहेत आणि तिथे श्रोते आभासी भेटी पाठवतात. अंताक्षरी, शेरोशायरी, वाढदिवस, रात्रीच्या गप्पा. गळा गोड असेल, हजरजबाबीपणा असेल आणि रोज तीन-चार तास बसायची तयारी असेल तर इथे पैसा फिरतो. याला मी नाक मुरडणार नाही, दौलतजादाची आपली परंपरा जुनी आहे. पण हिशेब नीट समजून घ्या. श्रोत्याने शंभर रुपयांचे कॉइन घेतले की आधी अ‍ॅप स्टोअरचे १५ ते ३० रुपये जातात, मग अ‍ॅप आपला वाटा घेतं, आणि उरलेलं तुम्हाला ‘हिरे’, ‘पॉइंट’ अशा कुठल्या तरी नाण्यात मिळतं. त्या नाण्याचा भाव अ‍ॅप ठरवतं. शिवाय भेटी देणारे दोन-तीनच असतात आणि थोड्या दिवसांत रूम त्यांच्या मर्जीने चालायला लागते. बाई होस्ट असेल तर ही मर्जी इनबॉक्सपर्यंत येते. पैसे भरून अनोळखी माणसाशी एकट्याने बोलायची जी अ‍ॅप आहेत, तिथे तर कौशल्य नाही, सोबत विकली जाते. तो धंदा वेगळा, त्याची जोखीमही वेगळी. खरं नाव आणि रोजचा नंबर तिथे नेऊ नका.

आपला ओटा: टेलिग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप

इथे नवे श्रोते मिळत नाहीत. चार वाटसरू आत डोकावतील असा हा रस्ताच नाही. पण आलेला माणूस टिकतो तो इथेच. टेलिग्रामवर २०२१ पासून चॅनलमध्येही व्हॉइस चॅट घेता येतं, ऐकणाऱ्यांना मर्यादा नाही, रेकॉर्डिंग होतं, बोलायला हात वर करता येतो आणि सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसू नयेत अशी सोय आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये व्हॉइस चॅट सुरू केलं तर सगळ्यांचे फोन खणखणत नाहीत, ज्याला यायचं तो येतो. पण ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर उघडा पडतो. गर्भसंस्कार, समुपदेशन, कर्जाचे प्रश्न असले विषय असतील तर टेलिग्राम घ्या. बाकी आपल्या मावशी-काका वर्गासाठी व्हॉट्सअ‍ॅपला पर्याय नाही. दुसरं अ‍ॅप उतरवून घ्या म्हटलं की निम्मे ‘मुलगा आला की बघते’ म्हणतात.

आता आकडे. ऑडिओवर महिनाभर फुकट बोलून शेवटी ४९९ रुपयांची एक कार्यशाळा ठेवली आणि ४० जण आले असं धरा. थेट यूपीआयने घेतले तर २०२० पासून त्यावर व्यापाऱ्याला शुल्क नाही, म्हणजे पूर्ण १९,९६० रुपये. पेमेंट गेटवेची, म्हणजे पैसे गोळा करून देणाऱ्या कंपनीची, लिंक दिली आणि त्याने २ टक्के व त्यावर १८ टक्के जीएसटी घेतला तर ४७१ रुपये जातील. हेच १९,९६० सुपरचॅटमधून हातात यायला श्रोत्यांनी २८,५०० रुपयांच्या वर उधळायला हवेत. चाळीस मराठी माणसांकडून! आपण हॉलमध्ये टाळ्या भरपूर वाजवतो, पण पाकीट काढतो ते पावती मिळणार असेल तरच.

नियम, जे रंगात आलेला होस्ट विसरतो

कुणाचं उत्पादन पैसे घेऊन सांगत असाल तर जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या सूचनांप्रमाणे ऑडिओमध्ये ते सुरुवातीला, शेवटी आणि प्रत्येक विश्रांतीच्या आधी-नंतर बोलून सांगावं लागतं. प्रोफाइलमध्ये बारीक लिहून भागत नाही. शेअर कुठला घ्यावा हे पैसे घेऊन सांगायचं तर सेबीची नोंदणी लागते, आणि ‘हे केवळ शैक्षणिक’ असं म्हटल्याने सुटका होत नाही. वकिलांना बार कौन्सिलच्या नियम ३६ नुसार काम मिळवण्यासाठी जाहिरात करता येत नाही. डॉक्टरांवरही रुग्ण ओढण्याबाबत बंधनं आहेत. दोघांनीही माहिती द्यावी, पण ‘माझ्याकडे या’ म्हणू नये. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. ती वेळ आली तर पेढे वाटा आणि सीएकडे जा.

मग कुणी कुठे बसावं

बोलणं हेच तुमचं कसब असेल आणि विकायला दुसरं काही नसेल तर यूट्यूब. कमाई उशिरा सुरू होईल, पण साठत जाईल. गिफ्टच्या रूम जोडधंदा म्हणून, तेही ठरवून घेतलेल्या तासांपुरत्या. तुमचं गिऱ्हाईक पत्रकार, आयटीतली मंडळी किंवा परदेशातले मराठी लोक असतील तर स्पेसेस. भारतात रात्री नऊ वाजता दुबईत साडेसात असतात आणि उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे साडेअकरा, म्हणजे रविवारी एकाच बैठकीत तिन्हीकडची माणसं सापडतात. माझी परदेशातली जवळजवळ सगळी कामं याच वेळेतून आली. आजोबांच्या पेटीतला कागद तिकडे नेलेला असतो आणि वाचणारं कुणी नसतं. इकडेही २०२३ नंतर कुणबी नोंदी शोधताना मोडीवाचकांना मागणी आली, पण ती माणसं स्पेसवरून आली नाहीत, गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून आली.

तुमचं गिऱ्हाईक तालुक्याच्या गावात असेल, मसाले, रोपवाटिका, शिकवणी, शिवणकाम असा धंदा असेल, तर ही सगळी अ‍ॅप सोडा आणि आहे त्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर गुरुवारी अर्धा तास बोला. क्लबहाउस फक्त तिथे तुमची जुनी मंडळी अजून असतील तरच.

आठ आठवडे एकच वार, एकच वेळ ठेवा. वहीत दोनच रकाने करा: किती जणांनी नंबर दिला आणि किती जणांनी पैसे दिले. ‘किती जण ऐकत होते’ हा तिसरा रकाना मी सुरुवातीला ठेवला होता. तो बघून रोज छान वाटायचं, म्हणूनच खोडला.