बोगद्यातला निळा दगड आणि माझे साडेचौदा हजार

लिहू का नको असं महिनाभर चाललं होतं, कारण यात लाज माझीच जास्त आहे. पण परवा एका मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर एका दगडाचा फोटो पाठवून "घेऊ का रे?" विचारलं, आणि तो फोटो बघून माझ्या पोटात गोळाच आला, म्हणून लिहितोय.

मी पाथर्डी फाट्याला राहतो. शाळेत असताना सायकल काढून पांडवलेणीच्या बाजूच्या खाणींकडे जायचो, चड्डीच्या खिशात गारगोट्या भरून आणायचो आणि घरी आईच्या शिव्या खायचो. अपोफिलाइट, स्टिलबाइट, ह्युलँडाइट ही नावं फार उशिरा कळली, सिन्नरचं गारगोटी म्युझियम बघितलं तेव्हा. तिथं एका काचेसमोर उभं राहून मी मोठ्याने म्हणालो होतो, "अरे हे तर माझ्याकडे आहे!" (माझं अर्थातच फुटकं होतं.) तेव्हापासून हा नाद. आज घरात दोन शोकेस भरलेत आणि बायको तिसरं घेऊ देत नाही.

तर मुद्दा. दिवाळीच्या आधी एकाचा मेसेज आला, माझा नंबर कुठून मिळाला ते शेवटपर्यंत कळलं नाही. "सर, समृद्धीच्या इगतपुरीच्या बोगद्याचं काम चालू होतं तेव्हा निघालेला पीस आहे, माझा भाऊ तिथं मशीनवर होता, तुम्ही अभ्यासू माणूस म्हणून पहिल्यांदा तुम्हाला दाखवतोय." सोबत फोटो. पांढरा शुभ्र स्टिलबाइट, आणि त्यावर मधोमध गर्द निळा कॅव्हनसाइटचा गोळा, सुपारीएवढा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॅव्हनसाइट म्हणजे कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांच्या नावांची अक्षरं जोडून केलेलं नाव. पहिल्यांदा सापडलं अमेरिकेत ओरेगॉनला, पण जगभरचे लोक ज्याच्यासाठी जीव टाकतात तो माल पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींचा. नाशिकचा कॅव्हनसाइट मी कधी बघितला नव्हता. इथंच सावध व्हायला पाहिजे होतं ना? उलट मी तिथंच घसरलो. माझं डोकं असं चाललं की सगळा दख्खनचा काळा पाषाण एकच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, त्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत गरम पाणी झिरपून हे स्फटिक वाढले, मग वाघोलीत होतं ते इगतपुरीत का नसावं? बोर घाटात रेल्वेसाठी डोंगर फोडला तेव्हा निघालेले झिओलाइट (स्टिलबाइट वगैरे मंडळींचं घराणं) अजून परदेशातल्या म्युझियममधे आहेत, मग आठ किलोमीटरच्या बोगद्यातून काहीच निघालं नसेल असं कसं? म्हणजे त्याने एक वाक्य टाकलं आणि बाकीची थाप मी स्वतःच रचली, तीही पुराव्यासकट. काहीच माहीत नसतं तर वाचलो असतो बहुतेक.

मुंबई नाक्याजवळ एका चहाच्या टपरीवर भेटलो, संध्याकाळी साडेसात. उजेड ट्यूबलाइटचा. त्याने शर्टाच्या बॉक्समधून कापसात गुंडाळलेला पीस काढला, लांबूनच दाखवला, "सर हात नका लावू, लई नाजूक असतं" म्हणाला. आता कॅव्हनसाइट खरंच नाजूक असतं त्यामुळे मला ते पटलं. अठरा सांगितले, साडेचौदावर आला. वर म्हणे मुंबईची पार्टी पंचवीस द्यायला तयार आहे पण माल नाशिकचा नाशकातच राहिला पाहिजे सर. हे ऐकून मी पैसे टाकले. स्कॅन केल्यावर नाव भलत्याच बाईचं आलं, "वहिनीचं अकाउंट आहे" म्हणाला, आणि मी तेही गिळलं. बिल मागितलं नाही. दगडाचं कोण बिल मागतं?

दिवाळीची साफसफाई करताना शोकेस पुसत होतो. पिसावर धूळ होती म्हणून कोमट पाण्यात ठेवून मऊ ब्रशने हळूच झटकलं तर निळी पावडर सुटली. आत्ता निळी पावडर कशाला सुटेल? भिंग घेऊन बसलो. गोळ्याच्या बुडाशी सगळीकडे निळा चुरा भुरभुरलेला आणि त्याच्याखाली काहीतरी काचेसारखं चमकणारं, त्यात एक बारीक हवेचा बुडबुडा. बायकोच्या ड्रॉवरमधून नेलपेंट रिमूव्हर आणलं (बाटलीवर अ‍ॅसिटोन लिहिलेलं बघून घ्या, काहींमधे नसतं), कानात घालायच्या कापसाच्या काडीने बुडाशी लावत राहिलो आणि साधारण वीस मिनिटांनी गोळा माझ्या हातात आला. खाली स्टिलबाइटच्या पात्या जशाच्या तशा शाबूत. म्हणजे फेव्हिक्विकसारखं काहीतरी लावून बसवलेला. अरल्डाइटसारखं असतं तर तेवढ्याने सुटलंही नसतं.

बायको मागे उभी होती. "अहो, म्हणजे दोन झाले का आता?" एवढंच म्हणाली.

चीड याची येते की दोन्ही दगड अस्सल आहेत. स्टिलबाइट खरा, कॅव्हनसाइट खरा, बहुतेक वाघोलीचाच कुठल्यातरी फुटक्या पिसावरून सुटलेला. सुटा गोळा आणि साधा स्टिलबाइट असे वेगवेगळे घेतले असते तर दोन-अडीच हजारांत आले असते. उरलेले बारा हजार मी डिंकाचे आणि इगतपुरीचे दिले.

आता मी काय बघतो ते सांगतो. पोकळीत खरोखर एकत्र वाढलेल्या पिसात निळ्या गोळ्याचा पाया बसलेला दिसतो, आजूबाजूचे पांढरे स्फटिक त्याला थोडे बिलगलेले असतात, कुठे एखादी पाती त्याच्यावर चढलेली असते. चिकटवलेला गोळा नुसता पात्यांच्या टोकांवर टेकलेला असतो, आणि नेमका मधोमध. युव्ही टॉर्च घेतला, ३६५ नॅनोमीटरचा, डिंक बऱ्याचदा निळसर पांढरा चमकतो. पण काही खनिजं स्वतःसुद्धा चमकतात हं, त्यामुळे नुसतं चमकलं म्हणून कुणावर धावून जाऊ नका, बुडाशी ओघळल्यासारखी रेघ दिसते का ते बघा. आणि बघायचं ते दिवसा, हातात घेऊन. जो हात लावू देत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही, मग तो खरा का असेना. ओकेनाइटचे कापसासारखे गोळे गुलाबी, निळे विकतात तो तर सरळ रंग आहे, ओकेनाइट पांढरंच असतं.

त्याला फोन केला होता. "सर तुम्ही बघून घेतलं ना?" म्हणाला आणि ब्लॉक. ओळखीच्या वकिलाने विचारलं, बिल आहे? लेखी काही आहे? बोगद्याचा म्हणाला ते मेसेजमधे आहे का? मेसेज त्याने केव्हाच डिलीट फॉर एव्हरीवन केले होते. माझ्याकडे उरला एक फोटो, मी हौसेने सेव्ह केलेला.

तोच फोटो मित्राच्या फोटोशेजारी ठेवून बघितला. खाली तोच निळ्या चौकटीचा टॉवेल, गोळा तसाच मधोमध, फक्त स्टिलबाइट वेगळा आणि नंबर नवीन. हा म्हणे त्र्यंबकजवळ विहीर खोदताना निघालाय, भाव अकरा हजार. मित्राला सांगितलं, दुपारी बारा वाजता भेटायला बोलाव आणि हातात घेऊन बघणार असं आधीच सांग. त्यावर अजून "सीन" आहे, उत्तर नाही.