रिकामे सापळे दाखवून माझे 21,700 रुपये नेले

लिहायची लाज वाटते, कारण कृषी पदविका झालेला माणूस आहे मी. गावातले लोक कापसावरच्या बोंडअळीचं विचारायला माझ्याकडे येतात. तरी फसलो.

आषाढात दोन पोरं गाडी घेऊन आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. हंगामभर दर आठवड्याला वावरात येऊन कीड पाहणार, कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढून धरणारे) लावणार, गरज असेल तेव्हाच फवारणी सांगणार. एकरी 1,200 रुपये. माझे 7 एकर, म्हणजे 8,400. रोख दिले.

कोणी म्हणेल, लोभ होता. लोभ नव्हता. 2017 साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी-मजूर दगावले, तेव्हा माझा गडी आठ दिवस दवाखान्यात होता. त्याची बायको व्हरांड्यात बसून राहायची, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हापासून एक जरी फवारणी वाचली तरी मला हवी होती. पोरांनी नेमकी हीच दुखती जागा धरली.

सापळे 14 लावले, एकरी दोन. लूर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, मात्र सीलबंद पाकिटातून नाही, साध्या पन्नीतून काढल्या. पाकीट नाही, तारीख नाही, कोणत्या किडीची तेही लिहिलेलं नाही. गुलाबी बोंडअळीची लूर वेगळी, हिरव्या बोंडअळीची वेगळी, हे मी स्वतः दुसऱ्यांना सांगत आलो. त्या दिवशी तोंडातून शब्द निघाला नाही. लूरचं पाकीट तुमच्यासमोर फुटलं नाही तर सापळा लावूच देऊ नका.

पोळ्याच्या चार दिवस आधीची सकाळ मला विसरता येत नाही. धुऱ्यापलीकडच्या काकांच्या सापळ्याच्या पिशवीत 11 पतंग होते, मीच मोजले. तिथून चाळीस पावलांवर माझा सापळा, आत एक मेलेली माशी. पोरगं म्हणालं, "बघा भाऊ, आपलं वावर किती साफ आहे, औषधाचा गुण आहे." औषध म्हणजे 950 रुपयांची 'वनस्पतिजन्य' बाटली. अशा 14 घेतल्या, 13,300 रुपये. काका धुऱ्यावरूनच ओरडले, "अरे बाबू, माह्या इकडचे पतंग तुह्या वावरात येतच नाहीत का?" मी हसून वेळ मारून नेली. तिथेच समजायला हवं होतं. पतंग धुरा पाहून थांबत नाही.

त्याच आठवड्यात डोमकळी दिसली. पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या गुंडाळलेल्या, फूल उमलेना. पोरगं म्हणालं, पावसानं चिकटलं. मी ती कळी हातात धरून उभा होतो, उकलून पाहिली असती तर आत अळी दिसली असती. उकलली नाही. अळी नाही असंच मला ऐकायचं होतं.

गणपती उठल्यावर काकांनी त्यांच्या सीलबंद पाकिटातली एक लूर दिली. संध्याकाळी माझ्याच सापळ्यात लावली. सकाळी 9 पतंग. सापळे चांगले होते, लूर कोरी होती. मग वेगवेगळ्या झाडांची 20 हिरवी बोंडं तोडून फोडली. दोन बोंडांत अळी निघाली तरी नुकसानीची पातळी गाठली असं धरतात, माझ्या 7 बोंडांत निघाली. एकदा अळी बोंडात शिरली की छिद्र बुजतं, वरून काहीही मारा, पोचत नाही. सापळा भरलेला असो की रिकामा, बोंडं फोडून पाहाच. सापळ्यात रोज 8 पतंग सलग तीन दिवस आले की उपाय करा हा नियम खरा, पण लूर खरी असेल तरच.

आदल्या वर्षी 52 क्विंटल कापूस झाला होता. यंदा 31, त्यातला 9 क्विंटल कवडी, म्हणजे किडका, खराब कापूस. पोरांचा फोन बंद.

आता कार्यालयांचं ऐका. तालुक्याच्या कृषी कार्यालयात चार चकरा झाल्या. पहिल्यांदा साहेब मीटिंगला. दुसऱ्यांदा म्हणाले, पक्कं बिल कुठे? माझ्याकडे रंगीत पावती, त्यावर ना परवाना क्रमांक ना बॅच. तिसऱ्यांदा बाटली पुढे ठेवली, तर म्हणे फोडलेल्या बाटलीचा नमुना चालत नाही, आणि हिच्यावर विषाचा त्रिकोणच नाही, म्हणजे हे कीटकनाशक नाही, आमच्याकडे येत नाही! अरे, अळी मारायची म्हणून विकलं, त्रिकोण छापला नाही हाच तर गुन्हा आहे ना? पोलीस म्हणाले, कृषीकडे जा. चौथ्यांदा कृषीनं अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. पाहणीला माणूस आला तो जानेवारीत. अळीचा पुढचा हंगाम तुटावा म्हणून डिसेंबरातच पऱ्हाटी (कापसाची उभी झाडं) उपटा, असं सांगणारं हेच खातं. मी उपटली होती. रिकामं वावर पाहून त्यानं लिहिलं, 'पीक आढळले नाही.'

पऱ्हाटी उपटायच्या आधी फोटो काढा, तारखेसकट. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. एक बाटली सील न तोडता घरात ठेवा. बांधावर येऊन औषध विकणाऱ्याकडून थेंबही घेऊ नका, मग तो कितीही गोड बोलो.

मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार टाकली आहे. पावती, रिकाम्या बाटल्या आणि त्या 14 लूर पोत्यात बांधून ठेवल्यात. आमच्या भागात आणखी कोणाला अशाच पन्नीतल्या लूर मिळाल्या असतील तर फेकू नका, सोबत तक्रार करू.