पगारवाढीची बोलणी शिकवणारी सल्ला सेवा: सराव जरूर घ्या, रेझ्युमे सोडा

मी हिशेब विभागात आहे. पुरवठादारांची बिलं तपासायची आणि महिनाअखेरीला पुस्तकं बंद करायची, हे माझं काम. कामाचा पसारा वाढत गेला, दोन नवी माणसं मी शिकवून तयार केली, पण पगार दरवर्षीच्या ठरलेल्या टक्क्यांपुढे सरकेना. इथेच मागावं की नोकरी बदलावी, या विचारात ही ऑनलाइन सेवा घेतली. त्यात कागदी तयारी, बोलण्याचा सराव, ऑफरची तुलना आणि रेझ्युमे असं सगळं एकत्र मिळतं. पण या सगळ्याचा दर्जा सारखा नाही.

कागदी तयारी उत्तम. मी पाठवलेल्या पहिल्या मसुद्यात घरभाडं, वाढलेला खर्च, इतक्या वर्षांची निष्ठा असं सगळं होतं. सल्लागार बाईंनी ते वाचून शांतपणे विचारलं, "तुमच्या मॅनेजरला वाढ मंजूर करायचा अधिकार आहे का?" नव्हता. बहुतेक ठिकाणी नसतोच. तो शिफारस करतो, पैसे वरून सुटतात. "मग तुमचा कागद त्याच्यासाठी नाही, तो ज्या वरिष्ठांकडे शिफारस नेणार त्यांच्यासाठी लिहा," त्या म्हणाल्या. घरभाडं गेलं आणि त्या जागी आलं: महिनाअखेरीचं काम नऊ दिवसांवरून पाच दिवसांवर आणलं, दुबार बिलं पैसे जाण्याआधी पकडण्याची तपासणी बसवली, दोन जणांना प्रशिक्षण दिलं. प्रत्येक ओळीपुढे आकडा, आणि सगळं एका पानात. मॅनेजरला तो कागद जसाच्या तसा पुढे धाडता आला. एवढं एकच काम त्यांनी केलं असतं तरी मी ही सेवा सुचवली असती.

वेळेबद्दलही त्यांनी नीट सांगितलं. मूल्यमापनाच्या बैठकीत मागणं म्हणजे बहुधा उशीर, कारण विभागाचा आकडा तोवर ठरलेला असतो. बजेटची जुळवाजुळव चालू असतानाच विषय काढायला हवा.

सराव हा या सेवेचा जीव आहे. त्या मॅनेजर होतात आणि अजिबात दया दाखवत नाहीत. "यंदा बजेट नाही," "बाकीच्यांनाही एवढंच मिळतंय," "पुढच्या वर्षी बघू." प्रत्येक वाक्यावर काय बोलायचं ते आपल्याच तोंडून येईपर्यंत पुन्हा पुन्हा. "पुढच्या वर्षी" आलं की "नक्की कशावर ठरेल आणि कोणत्या महिन्यात?" असं विचारायचं आणि मिळालेलं उत्तर त्याच दिवशी आपणच मॅनेजरला ईमेलने लिहून पाठवायचं. आकडा सांगितला की गप्प बसायचं. हे ऐकायला सोपं वाटतं, पण ती शांतता सहन न होऊन माणूस स्वतःच आपला आकडा खाली आणतो. सरावात ते माझ्या स्पष्ट लक्षात आलं.

पहिला आकडा कोणी सांगायचा, यावर त्यांनी १९७४ साली प्रसिद्ध झालेला ट्व्हर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग सांगितला. एक चक्र फिरवायचं, ते मुद्दाम १० किंवा ६५ वर थांबेल असं केलेलं. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचं प्रमाण किती टक्के? १० पाहिलेल्यांच्या अंदाजाचा मध्यक २५ आला, ६५ पाहिलेल्यांचा ४५. कानावर आधी पडलेला आकडा, तो कितीही निरर्थक असला तरी, विचाराला धरून ठेवतो. म्हणून बाजारभाव माहीत असेल तर आकडा आपण आधी सांगायचा, नसेल तर आधी समोरच्याकडून पगाराची श्रेणी काढून घ्यायची. "सध्या किती मिळतं?" या प्रश्नाला उत्तर देणंही सक्तीचं नाही. कॅलिफोर्नियात तर २०१८ पासून मालकाला उमेदवाराचा जुना पगार विचारायला कायद्यानेच मनाई आहे. जिथे मनाई नाही तिथे "या पदासाठी तुम्ही काय ठरवलंय?" असा प्रश्न परत टाकायचा.

ऑफरची तुलना ठीकठाक. मूळ पगार आणि कामगिरीवर अवलंबून असलेला भाग वेगळा करून दाखवतात, तो फरक कळायलाच हवा. १०० वर १० ची कायम वाढ मिळाली तर पुढची प्रत्येक टक्केवारी ११० वर लागते, एकदाच मिळालेला बोनस त्या वर्षीच संपतो. ऑफरमधल्या कंपनीच्या शेअर्सचंही समजावलं: चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळणारे असतील आणि पहिलं वर्ष पूर्ण करायची अट असेल, तर अकराव्या महिन्यात सोडल्यास हाती काहीच नाही. पण राजीनाम्यानंतर जुन्या कंपनीने पगार वाढवून थांबवलं तर काय करावं, यावर फक्त "थांबू नका" एवढंच. मला हे पटलं नाही. ज्याचं भांडण फक्त पगाराशी आहे आणि ज्याला काम व माणसं आवडतात, त्याने वाढ लेखी घेऊन थांबण्यात काय चूक?

रेझ्युमेवर पैसे घालू नका. तयार साच्यात नाव बदलून देतात. माझ्या बिल-तपासणीचा त्यात उल्लेखही नव्हता.

मला मागितलेल्यापेक्षा थोडी कमी वाढ मिळाली, पण पदनाम बदललं आणि पुढच्या फेरविचाराचा महिना ईमेलमध्ये आला. नोकरी तूर्त बदलली नाही. ज्यांना मॅनेजरसमोर बसलं की घसा कोरडा पडतो, त्यांनी कागद आणि सराव एवढंच घ्यावं. दोन्ही वेगवेगळे विकत मिळतात, ते सेवेच्या पानावर अगदी खाली लिहिलेलं आहे.