बाबांच्या कॅसेटी: फोनवर ऐकाव्यात की वॉकमनवर?

बाबांच्या ११४ कॅसेटी माझ्याकडे आहेत. बहुतेक साठ मिनिटांच्या. काही आकाशवाणीच्या शनिवार रात्रीच्या ‘संगीत का अखिल भारतीय कार्यक्रम’मधून टेप केलेल्या, काही मिरजेच्या दर्ग्यातल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृती-उत्सवात मांडीवर टेपरेकॉर्डर ठेवून. प्रत्येक लेबलवर बारीक अक्षरात राग, तारीख आणि बाजू उलटताना अंदाजे किती मात्रा निसटल्या तेसुद्धा. बुरशी धरायच्या आत मी त्या संगणकावर उतरवून घेतल्या. तासाच्या कॅसेटला तासच लागतो, तिथे घाई चालत नाही. शनिवार-रविवार करत सात महिने गेले. फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गमावता आकार कमी करणाऱ्या फाइलमध्ये, तासाला साधारण ३०० एमबी धरले तर सगळा ठेवा ३५ जीबीच्या आत बसतो.

आधी अर्थातच फोनवर ऐकलं. डोंबिवली ते सीएसएमटी माझा सव्वा तासाचा प्रवास, म्हणजे एक अख्खी कॅसेट. पण विलंबित एकतालाचं एक आवर्तन पाऊण-एक मिनिट चालतं, गायक सगळं अंग सावरत समेकडे, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेकडे, येत असतो, आणि नेमकं दोन मात्रा आधी ‘टुण’. बँकेचा मेसेज. नोटिफिकेशन बंद केली तरी फोन येणं बंद करता येत नाही. घरी आई एकटी असते. शिवाय मी वापरत होते ते अॅप दोन फायलींच्या मध्ये क्षणभर थबकायचं. सिनेमाच्या गाण्यांना ते चालतं. ए बाजू संपून बी बाजूवर तोच राग पुढे जातो, तिथे तो क्षण कानाला ठेच लागल्यासारखा वाटतो.

म्हणून सोनीचा वॉकमन एनडब्ल्यू-ए३०६ घेतला. जुना कॅसेटचा नव्हे, फायली वाजवणारा. २०२३ मध्ये तो भारतात आला तेव्हा किंमत होती २५,९९० रुपये. गाणी ऐकण्यापुरत्या यंत्राला ही रक्कम मोठी आहे. मी दोन महिने मागेपुढे करत होते. वजन ११३ ग्रॅम, पडदा ३.६ इंची, कुर्त्याच्या खिशात सहज मावतो. पण माझे पैसे वसूल केले ते कडेच्या बटणांनी: मागे, चालू-बंद, पुढे, आवाज कमी-जास्त. ठाण्याला गर्दी आत घुसते तेव्हा पर्समध्ये हात घालून, न बघता थांबवता येतं. होल्डची सरकती कळ लावली की धक्क्याने काही बदलत नाही. आणि एका बाजूची फाइल संपून दुसरी लागते ती मध्ये श्वासही न घेता.

बॅटरी ३६ तास चालते असं कंपनी सांगते, तेही सीडीच्या दर्जाच्या फ्लॅकवर. मी वायफाय बंदच ठेवते, आठवड्यातून एकदा चार्जिंगला लावते. संध्याकाळी रिक्षाचे पैसे द्यायला फोनमध्ये चार्ज उरतो, हा फायदा मी आधी धरलाच नव्हता.

आतली जागा ३२ जीबी, पण वापरायला साधारण १८ मिळते. तेव्हा मेमरी कार्ड लागणारच. ते बिलासकट घ्या आणि पूर्ण भरून तपासा. मला पहिलं कार्ड नकली मिळालं होतं. निम्मं भरल्यावर पुढच्या फायली नुसत्या नावापुरत्या उरल्या.

आता आवाज. लोकलमध्ये ब्लूटूथ हेडफोनवर मला फोन आणि वॉकमन यांत काहीही फरक जाणवत नाही, आणि खडखडाटात तो जाणवावा अशी अपेक्षाही नाही. रात्री घरी, वायरचा हेडफोन लावून, तानपुऱ्याचा खर्ज थोडा जास्त भरीव वाटतो. थोडाच. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ हे आवाजाच्या बारकाव्याचे आकडे बघून घ्यायला जाऊ नका. चाळीस वर्षांपूर्वीच्या फितीवर जे उमटलंच नाही ते कुठलंही यंत्र आणून देणार नाही. तुमचं सगळं ऐकणं स्ट्रीमिंगवरच असेल तर फोनच ठेवा, त्याला यूएसबी-सीचा एक छोटा डॅक (डिजिटल फाइलचा हेडफोनसाठी आवाज करणारा जोड) जोडा, पुष्कळ झालं. हा वॉकमन अँड्रॉइडवर चालतो, त्यामुळे त्याच्यावर अॅपही घेता येतात. पण सगळी अॅप भरली की पुन्हा दुसरा फोनच हातात आला. ज्यांच्याकडे स्वतःच्या फायली आहेत, कुठल्याही अॅपवर न सापडणाऱ्या, त्यांनी मात्र जरूर घ्यावा.

चालू असताना पडद्यावर कॅसेट फिरताना दिसते. आई एकोणऐंशीची आहे, फोनवर तिचं बोट भलतीकडे पडतं आणि ती घाबरून तो परत देते. वॉकमनवर मी तिला दोनच बटणं दाखवली. दुपारी ती मिरजेच्या कॅसेटी लावून पडते. उतरवून घेताना टेपरेकॉर्डरचा खटका मी कापला नव्हता. परवा तो वाजला तेव्हा तिने डोळे न उघडताच सांगितलं, “थांब, ते बाजू बदलतायत.”